पायी का चाललात?

बेलापुरात पायी चालायचं तर एक वेळ पायांत बळ नसलं तरी भागतं, तोंडात उत्तर मात्र तयार लागतं. हातात पिशवी नाही, खांद्यावर टॉवेल नाही, गावात कुणाचं काही बरं-वाईट झाल्याची बातमी नाही आणि तरीही चांगला धडधाकट माणूस झेंडा चौकातून श्रीरामपूरच्या रस्त्यानं नुसताच चाललाय, हे आमच्या गावाला बघवत नाही. पन्नास पावलांत पहिली मोटारसायकल थांबते.

"काय भाऊसाहेब, गाडी पंक्चर?"

"नाही, गाडी घरी आहे."

"मग पेट्रोल संपलं का?"

"नाही हो. जरा फिरायला निघालोय."

"मग बसा की! जिथवर फिरायचंय तिथवर सोडतो."

माणूस अगदी मनापासून बोलत असतो. चालणारा माणूस अडचणीत आहे आणि अडचणीतल्या माणसाला गाडीवर घेणं हा आपला धर्म आहे, एवढं सरळ त्याचं गणित. नको म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. ते नको म्हटलेलं दुपारपर्यंत चौकात कळतं, चौकातून घरी कळतं आणि संध्याकाळी बायको ताट वाढता वाढता विचारते, "त्यांच्या गाडीवर बसला नाहीत म्हणे. काही झालंय का तुमच्यात?" दुसरी गाडी थांबते तिच्यावर आधीच दोघं असतात. पुढचा जवळजवळ टाकीवर चढतो, मधला पुढे सरकतो आणि मागची वीतभर जागा थोपटून म्हणतो, "या, तिसऱ्याचं काय वजन असतंय?" त्यानंतर येतो तो उसाचा रिकामा ट्रॅक्टर. त्याला थांबायचीही गरज नसते, बोलता बोलता चढता येतं.

व्यायामाला वेळ मिळत नाही ही सगळ्या जगाची तक्रार आहे. श्रीरामपुरात एका पतसंस्थेत मी हिशेब लिहितो, त्यामुळे ही तक्रार मीही रोज करतो, तीही बसल्या बसल्या. पण हिशेब लिहिणाऱ्याला आकडा दिसला की भागाकार सुचतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं की धडधाकट प्रौढ माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं, जमलं तर ३००, घाम येईल इतपत हालचाल करावी. १५० भागिले ७ म्हणजे दिवसाला साधारण साडेएकवीस मिनिटं. साडेएकवीस मिनिटांत आमच्याकडे चहासुद्धा होत नाही. चहा पिणं दोन मिनिटांचं. त्याआधी "चला, चहा घेऊ", "नको, आत्ताच झाला", "मग अर्धा अर्धा घेऊ" हे व्हावं लागतं. मग बाकडं शोधणं, बाकड्यावर आधी बसलेल्यांना सरकवणं, आणि त्यांनाही अर्धा अर्धा सांगणं. शेवटी पैसे देण्यावरून गल्ल्यासमोर जी झटापट होते, एकानं दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्यानं खिशातली नोट काढू द्यायची नाही, त्यात थोडाफार घाम येतो. तो आरोग्य संघटनेनं धरावा की नाही, हे त्यांचं त्यांनी बघावं.

तेव्हा वेळ आमच्याकडे आहे. नाही ते निमित्त.

आमच्या आधीच्या पिढ्यांना हे निमित्त रेल्वेनं पुरवलं होतं. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि त्यावर 'बेलापूर' नावाचं स्टेशन आलं. नाव आमचं, स्टेशन मात्र गावापासून पाच-सहा किलोमीटर लांब. पुढे त्या स्टेशनाभोवती वस्ती वाढत गेली, तिचं श्रीरामपूर झालं, तालुक्याचं ठिकाण झालं, आणि आम्ही त्या तालुक्यातलं एक गाव झालो. रेल्वेच्या दप्तरात स्टेशन बेलापूरच राहिलं. म्हणून बेलापूरला उतरलेला परगावचा पाहुणा आजही बाहेर येऊन दुकानांच्या पाट्या वाचतो, सगळीकडे 'श्रीरामपूर' बघून घाबरतो आणि आपण एक स्टेशन पुढे आलो की मागे राहिलो, याचा विचार करत उभा राहतो. पण ज्या काळी टांग्याचे पैसे जड वाटत, त्या काळी गाडी धरायची म्हणजे पहाटे गाठोडं डोक्यावर घेऊन पायी सुटायचं. माझे आजोबा आयुष्यात कधी फिरायला गेले नाहीत. ते गाडीला गेले. गाडी चुकली की तेवढंच अंतर परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यांचा व्यायाम नियमित होण्यात गाड्यांच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा असणार.

आज गावात नियमित व्यायाम कुणाचा होतो म्हणून बघायला गेलं तर तो वेळ अजिबात नसलेल्या माणसांचा होतो. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की पाटाखालच्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुला आत्ता सवड आहे का? पाणी आलं की दारं धरायची. विहिरीवर मोटार असली तरी थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत हा माणूस हातात खोरं आणि डोक्याला बॅटरी लावून वाफ्यावाफ्यातून चिखलात पाय रोवत, उपसत पहाटेपर्यंत चालतो. सकाळी त्याला कुणी म्हटलं की जरा व्यायाम करत जा, तर खोरं हातात असतं, एवढं सांगून ठेवतो. आणि ऊसतोडीला आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून दिवसभर वर-खाली करते. तिच्या कष्टाला काही उत्साही मंडळी 'नैसर्गिक व्यायाम' म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक मोळी उचलून बघावी. पाठ ताणणं वेगळं आणि पाठ मोडणं वेगळं, एवढं तरी त्या फळीच्या मध्यावर कळेल.

मोळी वाहणारे आणि माझ्यासारखे बसून राहणारे, यांच्या मधल्या लोकांची गोष्ट मात्र मजेची आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरानं लंडनच्या दुमजली बसगाड्यांतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास करून तो १९५३ साली प्रसिद्ध केला. बस तीच, मालक तोच, रस्ता तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर चढ-उतार करून. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. हे वाचल्यापासून मी एसटीच्या कंडक्टरकडे आदरानं बघायला लागलो. आमच्या जिल्ह्याला तो अधिकारही आहे, कारण राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला निघाली. आमच्या एसटीला वरचा मजला नाही हे खरं. पण लग्नसराईत भरलेल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत जाऊन, वाटेत दोन बाचक्यांवरून आणि एका झोपलेल्या पोरावरून पाय टाकून, पन्नासाचे सुट्टे परत देऊन जो कंडक्टर पुन्हा पुढे येतो, त्याला लंडनचा जिना म्हणजे विश्रांती वाटली असती. मी त्याच गाडीत सीट धरून बसलेलो असतो. म्हणजे मॉरिसच्या हिशेबात मी ड्रायव्हर, फक्त स्टिअरिंग नसलेला.

तर निमित्त. आमच्या गावात चालण्या-धावण्याला जी निमित्तं मान्य आहेत, त्यांतलं सगळ्यांत तगडं म्हणजे पोलीस भरती. भरतीचं वारं सुटलं की पहाटे पाचला रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा करून सोळाशे मीटर मोजलेलं असतं. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर. या पोरांना कुणी विचारत नाही की का पळता. उलट दूधवाला त्यांना बघून गाडी कडेला घेतो, घरात अंडी वेगळी काढून ठेवली जातात, आणि एरवी पोरगा आठपर्यंत लोळला म्हणून ओरडणारा बाप स्वतः साडेचारला उठून घड्याळ धरून उभा राहतो. यादी लागली की धावणं थांबतं. नाव आलेल्याचंही थांबतं आणि न आलेल्याचंही. एकदा मी हिंमत करून त्या पोरांच्या मागून हळूहळू पळायला सुरुवात केली. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यांनी मला थांबवून फार काळजीनं विचारलं, "या वयात घेतात का रं पोलिसात?"

दुसरं निमित्त साखरेचं. आमचा पट्टाच साखरेचा. इकडे हरेगावला बेलापूर कंपनीचा जुना कारखाना, शेजारी टिळकनगर, अशोकनगर, आणि थोडं पुढे गेलं की प्रवरानगर, जिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन उभा केलेला आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या गळितापासून सुरू झाला. ज्या पाटाच्या पाण्यानं गावोगाव ऊस पिकवला, त्याच पाटाच्या कडेनं आता सकाळी 'शुगर' निघालेली मंडळी चालतात. यांचा चालण्याचा हक्क निर्विवाद आहे. मोटारसायकल थांबते ती फक्त विचारपूस करायला.

"किती निघाली?"

"उपाशीपोटी एकशे ऐंशी."

"आमच्या दाजींची दोनशे चाळीस."

एकशे ऐंशीवाला जरा ओशाळतो आणि पाय उचलून चालायला लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय, या दोन शब्दांपुढे गावात कुणाचं काही चालत नाही. घरचे हातात बूट आणून देतात, दुकान पोरगा उघडतो, भाऊबंदकीतला वादसुद्धा सकाळी सात ते आठ तहकूब असतो. हे सगळं बघून मीही रक्त तपासून घेतलं. सगळं व्यवस्थित निघालं. घरी आनंदीआनंद झाला, देवापुढे पेढे ठेवले, आणि रस्त्यावर चालायचा माझा हक्क कायमचा गेला.

तिसरं निमित्त वर्षातून एकदाच येतं, पण त्याची सर कशाला नाही. त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाताना बेलापुरात मुक्कामाला येते. चारशेहून जास्त किलोमीटरची पायी वाट. त्या दिंड्यांत सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन आपल्या आधी येऊन पोचलेल्या असतात आणि हातपाय धुऊन वर फुगड्या खेळतात. एरवी किराणा दुकानापर्यंत गाडी काढणारी आमची मंडळी त्या दिवशी पालखीला सामोरी चालत जातात, पोचवायला चालत जातात, काही तर पोचवता पोचवता पार राहुरीच्या दिशेनं निघून जातात आणि रात्री कुणाच्या तरी जीपमधून परत येतात. त्या दिवशीही चालणाऱ्याजवळ गाड्या थांबतात. पण गाडीवाला खाली उतरतो आणि चालणाऱ्याच्या पाया पडतो. दुसऱ्या दिवशी तोच चालणारा कमरेला हात लावून घरी बसलेला असतो. त्याला विचारावं, मग आता रोज थोडं चालणार का? तो म्हणतो, "आता पुढच्या वर्षी, माउलीनं बोलावलं तर."

या सगळ्यांत खरी हुशारी बायकांनी दाखवली. 'फिरायला जाते' असं कुणी सासूला सांगून बघावं. 'देवळात जाऊन येते' म्हटलं की सासूच फुलं काढून देते. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणी देवळात जातात आणि प्रदक्षिणा घालतात. अधिक महिन्यात तर प्रदक्षिणांची संख्या सूर्य मावळला तरी संपत नाही. पाऊल झपझप, तोंडानं जप आणि जपाच्या अधूनमधून कुणाच्या सुनेचं काय झालं तेही. देवाभोवती घातलेल्या या फेऱ्यांचं अंतर मोजलं तर पाटाच्या कडेच्या समस्त एकशे ऐंशीवाल्यांना लाज वाटावी. आणि आजवर एकही मोटारसायकलवाला तिथे थांबून म्हणालेला नाही की वहिनी, कशाला पायी फिरता, बसा, मी देवाभोवती फिरवून आणतो.

पुरुषांना असं एक ठिकाण पूर्वी होतं, तालीम. मारुतीसमोर लाल माती, आत जोर-बैठका, आणि सगळ्याला कारण एकच, जत्रेतला हगामा. हगाम्यात कुस्ती मारली की नारळ, टोपी, वर रोख रक्कम. हरलेल्या पैलवानालाही खुराक मिळालेला असे, म्हणजे घरात त्याचं दूध-तूप वसूल झालेलं असे. आता गावोगाव पिवळ्या-निळ्या रंगाच्या उघड्या व्यायामशाळा झाल्यात. त्या सायकलींवर, झोक्यांवर आणि फिरत्या चकत्यांवर पोरं दिवसभर असतात आणि चांगला व्यायाम करतात. मोठ्या माणसाला मात्र तिथे जायचं तर बरोबर एक लहान मूल न्यावं लागतं, म्हणजे 'नातवाला घेऊन आलोय' असं सांगता येतं.

ज्यांना व्यायाम टाळायचाच असतो, त्यांच्यासाठी आमच्या भागात एक असं कारण आहे जे मुंबई-पुण्याला मिळणार नाही. ऊस डोक्याच्या वर गेला की पहाटेचा रस्ता बिबट्याचा. गावाच्या ग्रुपवर निरोप येतो की अमक्या वस्तीवर कुत्रं उचललं, तमक्याच्या शेतात ठसे दिसले, वनखात्यानं पिंजरा लावलाय. तेव्हापासून जे थोडे फिरायला जात, ते टोळीनं जातात. हातात काठी, बॅटरी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात भजन. शहरातला माणूस 'ऑफिसमुळे जमत नाही' म्हणतो आणि समोरच्याला ते पटत नाही. 'बिबट्या आहे' म्हटल्यावर पुढे वाद नाही. ऊस तुटेपर्यंत बिबट्या, तुटल्यावर थंडी, मग ऊन, मग चिखल, चिखलात लावलेला ऊस परत डोक्याच्या वर. वर्षाचं गणित असं चोख बसतं. बिबट्याला यातलं काही ठाऊक नसावं. तो थंडी, ऊन, पाऊस काही न बघता रोज रात्री नियमानं फिरतो, आणि सुटलेलं पोट असलेला बिबट्या आजवर कुणी पाहिलेला नाही.

मध्यंतरी पोरानं माझ्या मोबाइलवर पावलं मोजायची सोय करून दिली. दिवसाला दहा हजार पावलं. एवढा गोल आकडा बघून मला पतसंस्थेतल्या ठेवीच्या उद्दिष्टाची आठवण झाली, आणि संशय खरा निघाला. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर जपानभर चालण्याची हौस आली, तेव्हा १९६५ मध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. डॉक्टरांनी तो आकडा हातात घेतला तो नंतर. असो. मोबाइल खिशात ठेवून मी नेहमीप्रमाणे मोटारसायकलवरून श्रीरामपूरला गेलो, आलो. संध्याकाळी मोबाइलनं माझं अभिनंदन केलं. रस्त्यावरच्या प्रत्येक दणक्याला त्यानं एक पाऊल धरलं होतं. पावसाळ्यानंतरच्या महिन्यात तर मी गाडीवर बसून जपान्यांनाही मागे टाकलं.

राहता राहिला संकल्प. तोही मी करतो, गुढीपाडव्याला करतो आणि दिवाळीत पुन्हा करतो. आमच्याकडे संकल्पाचं एक मोठं उदाहरण डोळ्यांसमोरच आहे. बेलापूरहून नेवासा, शेवगाव, बीड करत परळीपर्यंत रेल्वे न्यायची, हा विचार ब्रिटिशांच्या काळापासून चालू आहे. सर्वेक्षणं होतात, मागण्या होतात, निवेदनं जातात, नकाशावर रेघ फार सुंदर दिसते. माझा व्यायामही त्याच मार्गावर आहे. सर्वेक्षण पूर्ण, बूट खरेदी झालेले, गजराची वेळ ठरलेली, फक्त रूळ टाकायचे राहिलेत.

थोरांची उदाहरणं द्यावीत तर ती आपल्याला लागू पडत नाहीत. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमवण्यात घालवलं. पोहणं, कुस्ती, जोर-बैठका. त्या वर्षी परीक्षेत नापास झाले आणि पुढे जन्मभर पुरेल अशी प्रकृती मिळवली. आमच्या घरात पोरानं असा बेत सांगितला तर त्याच दिवशी त्याला क्लासवाल्यांच्या दारात नेऊन बसवतील. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले, त्यावर पुस्तकही लिहिलं. राजानं नमस्कार घातले की प्रजा घालते. मी घातले तेव्हा काय झालं ते सांगतो. सकाळी पडवीत सतरंजी टाकून मी पहिला नमस्कार घालायला खाली वाकलो. आई चूळ भरून आत येत होती. म्हणाली, "काय सापडेना रे? चष्मा का?" दुसऱ्या नमस्काराला पोरगं पाठीवर येऊन बसलं. तिसऱ्याला मी साष्टांग जमिनीला टेकलो असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, "वाकलाच आहात तर कॉटखालचा पोह्यांचा डबा तेवढा ओढा."

तिथेच मला मार्ग सापडला. या घरात आणि या गावात काम म्हणून केलेली हालचाल चालते. मग काम काढावं. पाटाच्या पलीकडे एका वस्तीवर म्हशीचं चांगलं दूध मिळतं. स्टीलची झाकणाची किटली घेतली आणि रोज सकाळी पायी दूध आणायला जायला लागलो. पहिल्याच दिवशी मोटारसायकल थांबली.

"कुठं भाऊसाहेब?"

"दूध."

"बसा, सोडतो."

"हिंदकळेल."

"हां, ते बरोबर आहे," म्हणाला आणि गेला. मला तर विश्वासच बसेना. किटलीला झाकण असल्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कुणाला कळत नाही. जाताना रिकामी, येताना भरलेली, दोन्ही वेळा 'हिंदकळेल' एवढं म्हटलं की काम भागतं. ज्या कामाला मोटारसायकल उपयोगाची नाही, असं एक तरी काम या तालुक्यात शिल्लक होतं आणि ते मला मिळालं. ट्रॅक्टरवाल्यालाही हिंदकळण्याचा मुद्दा पटला. घरी मान वाढला. आई शेजारणींना सांगू लागली की आमचा आता घरात लक्ष घालतो. पँट कमरेला सैल झाली ती शिंप्यानं आधी ओळखली.

मग गल्लीला कळलं. तुम्ही जाताच आहात तर आमचं अर्धा लिटर. आमचं एक लिटर, सणाला दीड. मी एका हाताला दोन आणि दुसऱ्या हाताला दोन अशा किटल्या घेऊन जाऊ लागलो. कुणाचं पातळ लागलं, कुणाचं आंबलं, त्याच्या तक्रारी माझ्याकडे येऊ लागल्या. कोपऱ्यावरच्या आजींची किटलीही मी स्वतः मागून घेतली होती. त्या एकट्याच राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे, म्हटलं म्हातारीला कशाला हेलपाटा.

गेल्या महिन्यात आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी किटली पुढे केली तर त्यांनी हात पुढे केला नाही.

"शुगर निघाली माझी," म्हणाल्या. "गुडघेबी धरलेत. डॉक्टर म्हणतो, आजी, तुमचं चालणं एकदम कसं बंद झालं?"

मी गप्प उभा राहिलो.

"पन्नास वर्षं जातेय मी त्या वस्तीवर दुधाला. तू आलास मधी आणि किटली घेऊन गेलास. म्हटलं, पोरगं मायेनं करतंय, नाही कसं म्हणावं?" मग जरा पदर सावरून उठल्या. "उद्यापासून माझी किटली मी नेणार."

"बरं आजी."

"आणि तुमच्या घरचीबी दे माझ्याकडं. दोन्ही हातांत वजन असलं की चालताना तोल बरा राहतो."